नऊ दिवसांचा न पडलेला पाऊस

३ नोव्हेंबर

धाकटे,

आज नमस्कार वगैरे काही नाही. राग आलेला असताना मी ते लिहीत नाही.

भिंगरीने फोटो पाठवला. पिवळा रेनकोट घालून, सायकलवर बसून, तोंड उघडं टाकून हसणारी ती बाई तूच आहेस हे पटायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला. एकसष्ट वर्षांची आहेस तू. गेल्या वर्षी माझ्याकडे आलीस तेव्हा जिना उतरताना कठडा धरत होतीस. आणि आता म्हणे सायकलने कामाला जाणार, तेही ऐन थंडी-पावसात! उन्हाळा होता तेव्हा काय झोपली होतीस?

रोपवाटिकेकडे जाणारी बस एक जानेवारीपासून बंद होणार आहे हे मला ठाऊक आहे. मग नोकरी सोड. काचघरात दिवसभर वाकून या ट्रेमधली रोपं त्या ट्रेमध्ये लावली नाहीत तर जगाची भाजी थांबणार नाही. मी नाही का निवृत्त झाले? चौतीस वर्षं वेधशाळेसाठी पाऊस मोजला, आता स्वतःसाठी मोजते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून तर बाबा गेल्यावर आपण पत्रांवर आलो. ते बरंच झालं. कागदावर मला नीट ओरडता येतं.

सायकलवरून आठवलं. आपण कॉन्व्हेंटला जायचो तेव्हा चढावर धापा टाकत पेडल कोण मारायचं? मी. तू मागे कॅरियरवर बसून गाणी म्हणायचीस. फाटकाशी पोचलो की सिस्टर म्हणायच्या, धाकटी किती गोड गाते! घामाघूम झालेल्या थोरलीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. असो.

फोटोत भिंगरीचा हात तुझ्या पाठीवर आहे. माझी मुलगी तुझ्या माडीवरच्या खोलीत राहायला आली त्याला दोन वर्षं होतील. मार्चअखेर तिचं तिथलं कंत्राट संपतं आणि ती घरी येते. कवळ्या करण्याचं काम तिला इथेही मिळेल, दात सगळीकडेच पडतात. तिच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, ती मी खरवडून नव्याने गिलावा करून घेतला आहे. तिला सांग. नाहीतर नको, मीच सांगेन.

तू सायकल विकून टाक.

ताई


८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि भिंगरीला एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई फॉर्मात आहे." म्हणजे तब्येत चांगली आहे असं आम्ही धरून चाललो.

अगं, मी काही लगेच रोज जाणार नाही. भिंगरीने मला अगदी पायरी-पायरीने घ्यायचं ठरवलंय. पहिल्या रविवारी रस्ता मोकळा असताना फक्त पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वाटेवरच्या थांब्यापर्यंत सायकल, तिथे चांभाराच्या शेडमध्ये ती लावायची आणि पुढे बस. मग फक्त बुधवारी पूर्ण सहा किलोमीटर. मग आठवड्यातून दोनदा. असं करत बस बंद होईपर्यंत रोज. तिचे नियम ऐकशील तर हसशील. परत यायला दम उरेल इतक्यावरच वळायचं. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवरून आणि गटाराच्या झाकणांवरून ब्रेक लावायचा नाही. पाऊस असला की ब्रेक आधीपासून हलकेच धरून चाकं कोरडी करायची. पिशवीत मोज्यांचा सुका जोड हवाच. काचघरात गरम पाण्याचा नळ भिंतीच्या कडेने जातो, त्यावर मी ओले हातमोजे वाळत घालते. मालकीणबाई म्हणाल्या, "हे रोप कुठल्या जातीचं?"

तिचं काम माझ्या वाटेवरच आहे, त्यामुळे पहिले चार किलोमीटर ती सोबत असेल. ती पुढे, मी मागे. गाणी म्हणणार नाही, दमच नसेल. सिस्टरना वाईट वाटलं असतं.

आता एक मागणं. तू सोमवारी एक कार्ड टाकशील का? पुढच्या आठवड्यात पाऊस कधी, किती, वारा कुठून. तुझ्या गच्चीवरून गेलेला ढग सहा-सात तासांत आमच्याकडे येतो हे तूच सांगितलं होतंस. मोबाइलवर दिसतं, पण भिंगरी म्हणते, "मोबाइलमधला पाऊस अख्ख्या मुलखाचा असतो मावशी, आईचा पाऊस आपल्या गल्लीचा असतो."

खोलीच्या भिंतीचं तिला सांगितलं. मार्चचं ती स्वतःच तुला लिहील.

तुझी धाकटी


१० नोव्हेंबर

धाकटे,

"आईचा पाऊस आपल्या गल्लीचा" असं ती म्हणाली? नक्की याच शब्दांत? तुझी भर घालायची सवय मला माहीत आहे.

बुधवार: सकाळी नऊपर्यंत कोरडं, मग भुरभुर. गुरुवार: दिवसभर पाऊस, सायकल घरात ठेव. शुक्रवार: वारा नदीकडून, येताना तोंडावर येईल. शनिवार, रविवार: स्वच्छ, पण हात गारठतील. सोमवार: दुपारी दोन ते चार जोराची सर. मंगळवार: ढग असतील, पडणार नाही.

यात बदल होणार नाही. झाला तर कळव, मी बॅरोमीटर फोडून टाकीन.

"मार्चचं ती स्वतःच लिहील" म्हणजे काय? त्यात लिहिण्यासारखं काय आहे? येणारी मुलगी गाडीत बसते आणि येते.

चांभाराच्या शेडमध्ये सायकलला कुलूप लावत जा. आणि कानटोपी घाल, हेल्मेटच्या आतून. हे तुझ्या शिक्षिकेला सुचलं नसेल.

ताई


४ डिसेंबर

ताई,

तुझी चारही कार्डं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली आहेत. आता सगळी गल्ली विचारायला येते. शेजारची शिंपीण तर कपडे वाळत घालण्याआधी आमच्या खिडकीतून डोकावते.

मी आता आठवड्यातून तीनदा पूर्ण जाते! पुलाचा चढ न उतरता चढले. वर पोचल्यावर भिंगरीने भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. दूध घेऊन जाणारा गाडीवाला थांबला आणि त्यानेही वाजवल्या, का ते त्याला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी पडले. घाबरू नकोस. पांढऱ्या पट्टीवर ब्रेक लावला, नियम मोडला, शिक्षा झाली. गुडघा सोलला. भिंगरीने घरी आणून जखम धुतली, शेक दिला, आणि मग आम्ही दोघी जिन्यातच बसून गरम सूप प्यालो. उठायचा कंटाळा आला म्हणून तिथेच. माझं पडणं ती पुन्हा पुन्हा करून दाखवत होती. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

तेव्हा बोलता बोलता म्हणाली, लहानपणी तिला सायकल फार हवी होती. तू दर वर्षी म्हणायचीस, यंदा पाऊस जास्त आहे, पुढच्या वर्षी बघू. शेवटी ती इथे येऊन एकोणतिसाव्या वर्षी शिकली. मला हे माहीतच नव्हतं गं. तुला आठवतं?

तुझी धाकटी


८ डिसेंबर

धाकटे,

आठवतं. न आठवायला काय झालं?

मी सकाळी पाचला वेधशाळेत असायची. पहिलं वाचन साडेपाचला, मग आठला, मग अकराला. तिचे वडील फिरतीवर. ती ओल्या रस्त्यावर पडली असती तर तिला उचलायला कोण होतं? तू होतीस? तू तेव्हा दीडशे किलोमीटरवर तुझी रोपं कुरवाळत होतीस. पाऊस खरंच जास्त होता. एकेक वर्षाचे आकडे माझ्याकडे आहेत, हवे तर पाठवते. तिला ताप आला की रात्रभर जागून मी तशीच कामावर गेले आहे, आणि एक वाचन चुकवलेलं नाही. जिन्यात बसून सूप प्यायला मला वेळ नव्हता. आता तुम्हाला आहे, प्या.

तू मावशी आहेस. मावशीचं काम सोपं असतं. वाढवलेलं, शिकवलेलं, नोकरीला लागलेलं माणूस आयतं माडीवर राहायला येतं, आणि आपण टाळ्या वाजवून घ्यायच्या. तुला मूल नाही म्हणून तू माझं घेतलंस, असं कोणी म्हटलं तर मी त्याचं तोंड धरायला जाणार नाही.

कुणी कुणाला काय सांगितलं ते मला कळवत जाऊ नकोस.

अंदाज. बुधवार दहा तारखेपासून गुरुवार अठरापर्यंत सलग नऊ दिवस पाऊस, मध्ये मध्ये गारा, वारा कायम तोंडावर. रस्ते निसरडे. सायकल अजिबात बाहेर काढू नये. तीही नाही आणि तूही नाही.

ताई


२० डिसेंबर

ताई,

नऊ दिवस झाले. एक थेंब पडला नाही.

मी मात्र नऊही दिवस तुझा शब्द धरून बसले. तिसऱ्या दिवशी भिंगरी सायकल काढून निघाली, म्हणाली, "मावशी, ऊन पडलंय, चल." मी म्हटलं, "ताई म्हणते गारा येतील, म्हणजे येतील." आमचं त्यावरून भांडण झालं. ती गेली, मी थांब्यावर उभी राहिले. एक बस चुकली, एक आलीच नाही. रोज पाऊण तास. कोरड्या ठणठणीत हवेत, रेनकोट घालून. लोक बघत होते.

काल संध्याकाळी भिंगरीने तुझी सगळी कार्डं खिळ्यावरून काढली आणि टेबलावर मांडली. चार आठवडे, अठ्ठावीस दिवस. मी रोज संध्याकाळी कॅलेंडरवर पाऊस लिहून ठेवते, ते तिने शेजारी ठेवलं आणि एकेक दिवस लावून पाहिला. कुठेच चूक नाही. एका ठिकाणी तू दोन वाजता लिहिलंस आणि सर अडीचला आली, एवढंच. मग तिने शेवटचं पत्र हातात घेतलं. मला वाटलं म्हणेल, आईचं वय झालं. ती म्हणाली, "आई चुकत नाही, मावशी. आईने मुद्दाम चुकवलाय."

मी तिच्यावर ओरडले. माझी ताई असं करणार नाही म्हटलं. मग माझाच आवाज मला खोटा वाटला.

मुलाबद्दल तू जे लिहिलंस ते भिंगरीने वाचलेलं नाही. ते पान मी आधीच काढून ठेवलं होतं. मला मूल नाही हे मला रोज माहीत असतं ताई, तू टपालाने कळवायची गरज नव्हती.

आता तुला कळायलाच हवं. भिंगरीने इथल्या कायमच्या जागेसाठी अर्ज केला आहे. नदीपलीकडे नवी मोठी प्रयोगशाळा होते आहे, तिथे. ऑक्टोबरातच केला. तुला ती स्वतः येऊन सांगणार होती, म्हणून मी गप्प राहिले. तो माझा गुन्हा. आता ती म्हणते, आईला मी काहीच सांगणार नाही.

धाकटी


२४ डिसेंबर

धाकटे,

कमी दाबाचा पट्टा अनपेक्षितपणे उत्तरेकडे सरकला. असं होतं. हवामान म्हणजे तुमच्या रोपांचा ट्रे नव्हे.

अर्जाबद्दल तू मला दोन महिने अंधारात ठेवलंस, आणि वर मलाच खोटारडी ठरवतेस. शाब्बास.

ताई


२९ डिसेंबर

आई,

पट्टा उत्तरेकडे सरकला तो चार तारखेला. तू पत्र लिहिलंस आठला. मी जुने नकाशे काढून पाहिले. नकाशा कसा वाचायचा हे तूच मला शिकवलंस, मी दहा वर्षांची होते, गच्चीवर, पर्जन्यमापकाशेजारी. तू म्हणाली होतीस, "आपल्याला काय हवंय ते आकाशाला विचारायचं नाही."

मला तुझा राग आला आहे तो माझ्यासाठी नाही. मी तर तिसऱ्या दिवशी निघाले. मावशी निघाली नाही, कारण तिचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. गुरुवारी बस बंद होते आहे. तिचा दम गेला आहे. काल पुलाच्या चढावर ती सायकल ढकलत गेली.

भिंगरी


१२ जानेवारी

धाकटे,

आठ डिसेंबरनंतर एकाही सोमवारी मी कार्ड टाकलं नाही. ते तुम्हाला मागावंसंही वाटलं नाही, ठीकच आहे.

भिंगरीला पत्र लिहायला बसले होते, तीन फाडली. तुलाच लिहिते. तुझ्यापुढे माझी अब्रू लहानपणीच गेलेली आहे.

मी खोटं लिहिलं.

आठ डिसेंबरला सकाळी बॅरोमीटर चढत होता. मी त्याच्यासमोर उभी होते, काचेवर टिचकी मारली, काटा आणखी वर गेला. नऊ-दहा दिवस स्वच्छ, शाळेतल्या पोरीलाही कळलं असतं. तिथून टेबलापर्यंत सात पावलं आहेत. त्या सात पावलांत मला जिन्यात बसलेल्या तुम्ही दोघी दिसल्या, हातात वाट्या, आणि भिंगरी तुझी नक्कल करते आहे. माझ्यासमोर तिने कधी कुणाची नक्कल केलेली नाही. मला तर वाटायचं ती गंभीर स्वभावाची आहे. बसले आणि पाऊस लिहिला. गारा तर मी चवीने घातल्या.

चौतीस वर्षांत एक आकडा मी खोटा लिहिला नव्हता. एकदा ताप असताना पावसातून रांगत जाऊन वाचन घेतलं होतं. साहेब म्हणाले होते, अंदाजाने लिहायचं, कोणाला कळणार आहे? मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. आता स्वतःशी बोलत नाही.

मला तुझा हेवा वाटतो. हे लिहायला मला सत्तर मिनिटं लागली, घड्याळ समोर आहे. आजचा नाही, कॅरियरवर बसायचीस तेव्हापासूनचा. मी माणसांना पोचवते आणि ती दुसऱ्याशी हसतात. मी तिला पावसापासून वाचवलं आणि तू तिच्याबरोबर पावसात गेलीस. यातलं बरोबर कुठलं ते मला आता कळून उपयोग नाही.

मुलाबद्दल लिहिलं ते पान जाळून टाक. नाहीतर ठेव, मला अद्दल घडेल.

माफी मागायची सवय नसल्यामुळे ती इथे कुठे बसवायची ते कळत नाही. तूच योग्य जागी बसवून घे.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण चिडले होते. मला फार वेळ चिडता येत नाही हे तुला माहीत आहे, पण या वेळी मी सराव केला.

आता ऐक. एक जानेवारीला बस बंद झाली. पहिला आठवडा अर्धी वाट सायकल हातात धरून चालत गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "रोज अर्धा तास उशीर, आजी, कसं व्हायचं?" आजी म्हटल्याचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी पुलाचा अर्धा चढ मी त्या रागावरच चढले. मग पुन्हा पहिल्यापासून, एकदा, दोनदा, तीनदा. आता आठवड्याचे पाचही दिवस जाते. गुडघे सुरुवातीला कुरकुरतात, चांभाराच्या शेडपाशी गप्प होतात. हातमोज्यांवर घालायला मालकीणबाईंनी रबरी मोजे दिले. बोटं उबदार राहतात, रोपाचा देठ मोडत नाही. आणि एक गुपित: परवा धो धो पावसात एकटी जात होते, चढ संपला, आणि मी गायले. तुझ्या कानापासून दूर होते म्हणून सांगते.

तुझं पत्र मी भिंगरीला दिलं. विचारून द्यायला हवं होतं, नाही विचारलं. ती वाचून माडीवर गेली. दुसऱ्या दिवशी खाली आली आणि म्हणाली, "गारा चवीने घातल्या म्हणे." ओठ जरा हलल्यासारखे वाटले.

तिची मुलाखत ठरली आहे. गुरुवार, पाच मार्च, सकाळी साडेआठ, नदीपलीकडे, अकरा किलोमीटर. तिकडे बस नाही. उशीर झाला तर आत घेत नाहीत. भिंगरी सातलाच निघायचं म्हणते आहे. पुलापर्यंत मी सोबत जाणार आहे.

ती तुला विचारणार नाही. मी विचारते. त्या सकाळी काय होईल, ताई? आणि तुला विचारलंय हे मी तिला सांगितलं आहे. ती "विचार" म्हणाली नाही. "नको" पण म्हणाली नाही.

तुझी धाकटी


२ मार्च

धाकटे, आणि भिंगरी, तूही,

तीन दिवस नकाशे पाहते आहे. आज सकाळी तीनदा ताळा केला. जे लिहिते ते कसं दिसेल हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

बुधवारी दुपारी तुमच्याकडे पाऊस पडेल, संध्याकाळी थांबेल. मग आकाश लख्ख होईल, वारा पडेल. मोबाइल तुम्हाला सांगेल, गुरुवारी सकाळी कोरडं, उत्तम. ते खरं आहे. पण पहाटे जमीन गोठणार, आणि बुधवारचं पाणी पुलावर बर्फ होऊन बसेल. पांढरा दिसणारा बर्फ नव्हे. काळा, रस्त्यासारखाच, नुसती ओल आहे असं वाटेल. पुलाच्या खालून गार हवा जाते म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो आणि मागाहून सुटतो. कठड्यावरून ऊन पुलावर यायला साडेसात होतील. पावणेआठपर्यंत बर्फ सुटेल.

म्हणून सातला निघू नका. सात चाळीसच्या आत घर सोडू नका. मग पाठीवर वारा आहे. भिंगरीच्या वेगाने आठ पंचवीसला पोचता येतं. पाच मिनिटं उरतात.

भिंगरी, तुझ्या आईला तू तिथे वेळेवर पोचायला नको आहेस, म्हणून तिने हे लिहिलंय, असं तुझ्या मनात येईल. त्यातलं पहिलं खरं आहे. मला तू तिथे पोचायला नकोच आहेस. तू इथे यावंस, नव्या गिलाव्याच्या खोलीत राहावंस, आणि सकाळी मला हवामान विचारावंस असं मला वाटतं, आणि तू कितीही लांब गेलीस तरी वाटेल. पण बर्फ खरा आहे. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. मी फक्त वाचन कळवते आहे.

आई


५ मार्च, संध्याकाळ

ताई,

आधी सांगून टाकते. तिला ती जागा मिळाली.

आता सविस्तर. तुझं पत्र काल आलं. तिने उभ्या उभ्या वाचलं, घडी केली, खिशात घातलं, आणि गजर सहाचाच लावला. मला वाटलं, संपलं.

आज सकाळी पावणेसातला ती तयार होऊन खाली आली. हेल्मेट, हातमोजे, पाठीवर तिने केलेल्या कवळ्यांचा डबा, कापसात गुंडाळलेला. आकाश असं निळं की बघत राहावं. मी दारात उभी. म्हटलं, "निघतेस?" ती म्हणाली, "मावशी, सातला निघाले तर पाऊण तास लवकर पोचेन. सात चाळीसला निघाले आणि एक पंक्चर झालं की संपलं." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "हेच तर तिला हवं असणार." मी म्हटलं, "असेल." तुझी वकिली करायची माझी हिंमत नव्हती.

मग ती जिन्याच्या पायरीवर बसली. हेल्मेट घालूनच. "पुलावर जाऊन बघून येऊ का?" मी विचारलं. "नको," म्हणाली. "बघून ठरवायचं तर आईला कशाला विचारायचं?" आणि पाऊण तास तशीच बसून राहिली. मोबाइलही काढला नाही. सात वाजले तेव्हा एकदा उठली आणि परत बसली.

सात चाळीसला निघालो. पुलाच्या तोंडाशी दुधाची गाडी आडवी होऊन कठड्याला टेकलेली. दोन सायकलवाले कडेला बसलेले, एकाचा हात गळ्यात बांधलेला. रस्त्यावर वाळू टाकत होते. ऊन आलेलं होतं, सगळीकडे नुसतं पाणी चमकत होतं. गाडीवाला म्हणाला, "सव्वासातला घसरलो, काही कळलंच नाही." भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मावशी, तू वळ आता," आणि गेली. आठ तेवीसला पोचली. आत बसलेल्यांनी कवळ्या हातात घेऊन उजेडात धरल्या, म्हणे, दात कुणाचे काढून आणलेत?

ती तुला स्वतः लिहिणार आहे. शनिवारी चार दिवसांसाठी तिकडे येते आहे, सायकल घेऊन. तिला तुला काही शिकवायचं आहे म्हणे. मी काय ते विचारलं नाही.

तुझी धाकटी


९ मार्च

धाकटे,

नोकरी मिळाल्याचं वाचून आनंद झाला असं मी लिहिणार नाही. खोटं लिहून एकदा पाहिलं, मला जमत नाही.

ती आली. ढकलगाडीसारखी ती सायकल तिने माझ्या दारातून आत आणली आणि फरशीवर चाकांचे चिखलाचे पट्टे उमटवले. मी ओरडले. ती म्हणाली, "आई, रविवारी कोपऱ्यापर्यंत. परत यायला दम उरेल इतकंच." एकोणसत्तर वर्षांच्या बाईला हे सांगते! काल सकाळी रस्ता रिकामा असताना मी बसले, कॉन्व्हेंट सुटल्यावर पन्नास वर्षांनी पहिल्यांदा. ती मागून धरून पळत होती. कोपऱ्याशी पाहिलं तर तिने कधीच सोडलं होतं, मागे कमरेवर हात ठेवून उभी, हसते आहे. मी तिला वाट्टेल ते बोलले. सगळी गल्ली ऐकत होती. शेजारीण खिडकीत आली.

मग ती परत घरापर्यंत सायकल चालवत आली, माझ्या पुढे. मी चालत. एकदा तिने मागे वळून पाहिलं, मी कुठवर आले ते बघायला. तुझ्याकडे ती रोज असं बघते ना?

परवा ती निघते. दुपारच्या गाडीने, चारला पोचेल. तुमच्याकडे साडेतीन ते सव्वाचार सर आहे. स्टेशनवर छत्री घेऊन जा. मी जाऊ शकले असते तर तुला सांगितलं नसतं.

ताई